आक्काच्या दारातली जीप

तारेने बांधता येत नाही अशी एकही वस्तू देवाने निर्माण केलेली नाही, असं माझं ठाम मत होतं! नवीन जालन्यात माझं बांधकामाच्या तारेचं दुकान आहे. सळया बांधायला वापरतात ती काळी, मऊ तार. तिने मी पलंग बांधलाय, कूलर बांधलाय, आणि चष्म्याची दांडी बांधून त्याच चष्म्याने साडूच्या वास्तुशांतीत मिरवून आलोय. "माझं मंगळसूत्र तेवढं सोनाराने ओवलं, म्हणून बरं," असं आमच्या वंदनाचं म्हणणं.

तर आमच्या लेकीचं, शीतलचं लग्न ठरलं आणि पहिली पत्रिका वडीगोद्रीला तुळजाआक्काला द्यायची, हेही ठरलं. आक्का माझी थोरली बहीण. शीतलला बारशात हे नाव तिनेच ठेवलेलं. पण माझ्यावर तिचा एक जुना राग होता. मी तिच्याकडे कधी बसत नाही! माल पोचवायला त्या रस्त्याने जाता-येता मी तिच्या दारात थांबणार, उभ्या उभ्या पाणी पिणार आणि निघणार. पोस्टमनसुद्धा माझ्यापेक्षा जास्त टेकतो, असं ती चारचौघांत सांगायची. या खेपेला तिने फोनवरच बजावलं, "बबलू, घरात बसून, जेवून पत्रिका द्यायची. दारातनं दिलीस तर मी मांडवात पाय ठिवणार न्हाई."

मी शब्द दिला. पन्नाशीतल्या माणसाला बबलू म्हणणारी एवढी एकच बाई उरली होती, तिला नाही कसं म्हणणार?

आदल्या दिवशी मी जीप तयार केली. जीप जुनी, डिझेलची. बॉनेटखाली भांड्यांचं दुकान हलवल्यासारखा खडखडाट चालायचा. मी तारेचं बंडल आणि पक्कड घेतली, आणि जे जे हललं ते ते आवळून टाकलं. सकाळी गाडी सुरू केली तर खडखडाट गायब! अंबड येईपर्यंत मी वंदनाला स्वतःचं कौतुक ऐकवलं. अंबडनंतर तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

आक्काने दारात सडा-रांगोळी केली होती. आतून पुरणाचा वास येत होता. तातेराव दाजी धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले होते. मी गाडी उभी केली. असल्या जुन्या जीपा नुसत्या किल्लीने बंद होत नाहीत, एक मूठ ओढावी लागते. मी ओढली. इंजिन चालूच! आणखी जोर लावला, तर मूठ माझ्या हातात आली आणि इंजिन चालूच.

"स्विच गेलाय," मी जाहीर केलं. निदान करायला मला कधी वेळ लागत नाही.

वंदना हळूच म्हणाली, "काल तार कुठं कुठं बांधली?"

"तारेचा काय संबंध?" मी तिला गप्प केलं. तेवढं एक वाक्य मला आज परत घेता आलं तर!

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दारात गाडी चालू ठेवून आलेला पाहुणा बसायला आलेला नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी घाईघाईने आत जाऊन ताटावर बसलो. पुरणपोळीवर तुपाची धार पडली, मी पहिला घास मोडला, आणि बाहेर इंजिनाचा सूर बदलला. मी उठलो! किल्लीच्या मागच्या वायरी उपटल्या. इंजिन चालूच. परत येऊन बसलो, तर दाजी म्हणाले, बॅटरी काढून बघा. परत उठलो. बॅटरी काढली. हॉर्न गेला, दिवे गेले, इंजिन मात्र ठणठणीत!

तोवर निम्मी गल्ली जमली होती. कुणीतरी सुचवलं की गिअर टाकून ब्रेक दाबा आणि क्लच सोडा, आपोआप बंद पडेल. उपाय बरोबर होता. फक्त गिअर वरचा टाकायचा असतो आणि मी टाकला पहिला. जीपने बैलासारखी उडी मारली, रांगोळी पुसली आणि दारातला पाण्याचा रांजण फोडला. इंजिन चालूच.

आक्का तुपाचा चमचा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"आक्का, खरंच बंद होत नाही गं," मी म्हणालो.

"बंद होत न्हाई अशी गाडी असती का? सरळ सांग ना, जायची घाई हाय. मला कशाला शिकवून राह्यला?"

तिने वाढलेलं माझं ताट आत तसंच निवत होतं. मी खिशातून पत्रिका काढली आणि तिथंच, दारात, धडधडत्या जीपशेजारी तिच्या हातात दिली. माझ्या काळ्या अंगठ्याचा ठसा गणपतीच्या पोटावर उमटला. आक्काने तो पदराने पुसला आणि ती आत गेली.

परतताना अंबडच्या पुढे डिझेल संपलं आणि जीप आपोआप बंद पडली. मी बॉनेट उघडलं. ज्या दांडीने इंजिन बंद होतं, ती डिझेलपंपाला काळ्या तारेने आवळलेली होती. गाठ माझीच. पकडीने ती एका पिळात सुटली. वंदना परत खिडकीबाहेर बघायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी आक्काला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

लग्नाला आक्का आली. पण मांडवात नाही. मंगल कार्यालयाच्या फाटकात तिची रिक्षा थांबली होती. तिने शीतलला बाहेर बोलावलं, तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या, साडी दिली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. मी धावत गेलो. दोन घास खाऊन जा म्हणालो, पाया पडलो. बाई आता उतरणार असं समजून रिक्षावाल्याने किल्लीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, बंद नको करू," आक्का त्याला म्हणाली. "आमच्यात दारात गाडी चालूच ठिवायची रीत हाय."

तेव्हा माझं मत आता जरा बदललंय. तारेने बांधता येत नाही अशी एक वस्तू देवाने निर्माण केलेली आहे. ती त्या रिक्षात बसून वडीगोद्रीला निघून गेली.