साळुंकीबाईंच्या शाळेचा खराखुरा इतिहास

बाळांनो, एका जंगलात शाळा नव्हती. पिल्लं दिवसभर उंडारायची. एखादं पिल्लू वाघोबालाच विचारायचं, "काका, पाणी कुठं मिळेल?" काका स्वतः पोचवायला जायचे. पिल्लू काही परत यायचं नाही.

साळुंकीबाईंना हे बघवेना. त्या घरोघर फिरल्या. "शाळा काढू या. तुम्ही जमेल ते द्या, शिकवायचं माझ्याकडे लागलं."

जंगल हौशीनं कामाला लागलं. रानडुकरानं जागा उकरून दिली. गव्यानं खांब आणले. वानरांनी छप्पर शाकारलं. निम्मं खाली पाडलं, पण शाकारलं.

बाईंनी पहिला धडा दिला तो पंजाचा ठसा ओळखायचा. वाचन-लेखन त्यानंतर. पिल्लं भराभर शिकली. वाघोबा वाळत चालला. "शिक्षणानं पिढी बिघडली," असं तो सांगत फिरू लागला.

पुष्कळ वर्षं गेली. कुणीतरी म्हणालं, "शाळेचा इतिहास लिहायला हवा." झालं! इतिहास समितीची बैठक वर्गातच भरली.

"खांब आमच्या आजोबांचे. म्हणजे शाळा आमची," गव्याचा नातू म्हणाला.

"खांब काय हवेत रोवले होते?" रानडुकराचा नातू गुरगुरला.

"आणि छपराचं काय?" वानर ओरडलं.

साळुंकीबाई दारातून म्हणाल्या, "अहो, पिल्लं उन्हात उभी आहेत."

"बाई, इथं इतिहास चाललाय! त्यांना जरा लांब न्या."

बाईंना वाईट वाटलं. पण उन्हात रडत बसण्यापेक्षा शिकवलेलं बरं. त्या पिल्लांना घेऊन ओढ्यापलीकडे गेल्या आणि करंजाच्या सावलीत पाढे सुरू झाले.

इकडे भांडण मिटेना. शेवटी वानराला तोडगा सुचला. "अध्यक्ष तटस्थ हवा. शाळेसाठी ज्यानं काडीही हलवली नाही, असा."

असा जंगलात एकच होता. वाघोबा संकोचत आला आणि अध्यक्षस्थानी बसला.

"एकेकाचं म्हणणं मी एकांतात ऐकून घेईन," तो नम्रपणे म्हणाला.

बाईंनी पलीकडून हाका मारल्या. "अहो, तो वाघ आहे!"

"बाई, तुम्ही राजकारणात पडू नका," आतून उत्तर आलं.

त्यानंतर समितीचं काम झपाट्यानं होऊ लागलं. दर बैठकीगणिक मतभेद कमी होत गेले. अखेर एकमतानं इतिहास लिहून झाला आणि शाळेच्या दारावर मोठी पाटी लागली: 'ही शाळा वाघोबांनी स्तापन केली. त्यांना पिल्लांची फार आवढ.'

पिल्लांनी ओढ्यापलीकडून पाटी मोठ्यानं वाचली.

"बाई, दोन चुका आहेत!"

"लेखनाच्या दोन," बाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की करंजाची फुलं त्यांच्या पंखांवर पडली. "चला, पुढचा पाढा म्हणा."

तात्पर्य: इतिहास लिहायला नेहमी तटस्थ अध्यक्ष नेमावा. त्यानं सर्वांना पोटात घेतलं की वाद उरत नाही.