तक्तेरावांची आठ दिवसांची रजा

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. एका दमलेल्या माणसाची गोष्ट सांगतो.

यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या कायदा विभागात एक गृहस्थ होते. ऊठसूट तक्ते करायचे, म्हणून सगळे त्यांना तक्तेराव म्हणत. "अतिजोखमीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला कोणता देश कसा लगाम घालतो, मला झोपेत विचारा!" ही त्यांची बढाई. खरं तर तो तक्ता करता करता चार वर्षं झोपच कुठे मिळाली होती बिचाऱ्याला!

एक देश म्हणे, अशा यंत्रावर जाणता माणूस बसवा. दुसरा म्हणे, यंत्राच्या निकालावर माणसाकडे दाद मागू द्या. तिसरा म्हणे, स्वतःच्या प्रकरणात कुणी निवाडा करू नये. "तीन तऱ्हा कोण सांभाळणार? तिन्हीकडचं कडक तेवढं उचला आणि सगळीकडे लावा!" असं तक्त्याच्या तळटिपेत ठोकून तक्तेरावांनी रजेचा अर्ज टाकला. आठ दिवस, समुद्रकिनारा! बायकोच्या बॅगा कालपासून दारात होत्या.

रजा द्यायचं काम ऑफिसातलं यंत्रच करी. पापणी लवायच्या आत त्याने 'मंजूर' म्हटलं. तक्तेराव उठले, तोच विभागाच्या मोठ्या बाई समोर!

"बसा. नोकरीचे निर्णय घेणारं यंत्र अतिजोखमीचं. तुमचाच तक्ता, पान नऊ. जाणत्या माणसाची सही हवी."

"कोण जाणता?"

"तक्ता वाचलेले तुम्ही एकटेच!"

"आणा, करतो सही."

"स्वतःच्या रजेवर? तिसरा देश!"

"मग मी दाद मागतो!"

"मागा की. दुसरा देश. अर्ज जाणत्या माणसाकडे जाईल."

"म्हणजे?"

"तुमच्याकडे."

तक्तेराव मटकन बसले. "दुसऱ्या कुणाला तरी जाणता करा हो!"

"हिशेबनीसांना तक्ता दिलाय ना वाचायला. चारशे पानं. ते बघा, पाचव्या पानावर घोरतायत."

तक्तेरावांनी हिशेबनीसांकडे पाहिलं. आयुष्यात कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता!

फोन वाजला. "अहो, गाडी साडेचारची!"

"अगं, रजा मंजूर झालीय..."

"मग निघा!"

"...पण मी ती मंजूर केलेली नाही."

पलीकडून बॅग उचलल्याचा आवाज आला. मग, "तुमच्या त्या तक्त्यात बायकोला रजा लागते का हो?"

"नाही."

"मग मी निघते!"

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! पण मंडळी, हसून सोडून देऊ नका. उद्या एखाद्या यंत्राने तुमचा अर्ज फेटाळला आणि दाद मागायला तिथे खराखुरा माणूस भेटला, तर माझ्या तक्तेरावांची आठवण ठेवा. कदाचित तेच असतील. त्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नाही.