सेतूची टॅक्सी आणि मागे न बघण्याचा नियम

भाडं ठरवण्यात अख्ख्या कुंभकोणमात माझा हात कोणी धरणार नाही! मग परदेशातून सुट्टीला आलेल्या माझ्या विहीणबाईंना माझ्याच गावात कोणी लुबाडावं, हे मी कसं सहन करू?

विहीणबाई म्हणजे जर्मनीच्या मार्थाबाई, आमच्या लेकीच्या, दिव्यश्रीच्या, सासूबाई. त्यांनी जवळच्या स्वामीमलै गावातल्या स्थपतींकडे, म्हणजे मूर्तिकारांकडे, पंचधातूचा गणपती ओतायला दिला होता. ओतण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने मुशीत सोन्याचा कण टाकायचा असतो. तो मान माझा! कण माझ्या बायकोच्या, सुंदरीच्या, पदराला बांधलेला. मुहूर्त सकाळचा.

महामहम तळ्याच्या कोपऱ्यावर सेतूची टॅक्सी उभी होती. त्याने बाईंचा गोरा चेहरा पाहिला आणि दुप्पट भाडं सांगितलं. दुप्पट! बाई हसून "ओके, ओके" म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय रे सेतू, ही पाहुणी आहे की फणस, सोलायला?"

"अय्या," म्हणजे साहेब, असं म्हणत तो उत्तरला, "तिथे थांबायचं, परत आणायचं. सगळं धरून सांगितलं."

"थांबायला काय कष्ट पडतात? देवळातला नंदी इतकी वर्षं बसलाय, त्याने कधी भाडं मागितलं?"

"मग नंदीवर बसून जा, अय्या!"

असं उद्धट बोलणं! आता एकच उपाय. आमच्याकडची रीत अशी, की भाडं पटलं नाही तर पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. गाडीवाला हाक मारतोच. मागे वळून पाहिलं की हरलात!

"दोघी माझ्या मागून चला. बोलू नका, मागे बघू नका!"

"अहो, मुहूर्त..." सुंदरी म्हणाली.

"गप्प! आता हाक मारेल बघ."

अर्धं तळं मागे पडलं. हाक नाही. पण गाडीचा आवाज मागून हळूहळू येत होता. आला शरण! मी देवळातल्या हत्तीसारखा डुलत निघालो.

"पाहिलंत विहीणबाई? असं वाकवायचं असतं!"

मागून चकार शब्द नाही. किती आज्ञाधारक बायका! खरं तर सुंदरी इतका वेळ गप्प आहे, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पों! टॅक्सी शेजारी आली. मागच्या सीटवर दोघी ऐसपैस!

"अहो, बसा पटकन!"

"भाडं कमी केलं त्याने?"

"नाही."

"मग मी नाही बसत!"

"बरं."

'बरं' म्हणाली हो! काच वर गेली, गाडी गेली. मार्थाबाईंनी तर हातही हलवला, जणू मी त्यांना निरोप द्यायला आलो होतो!

मी तत्त्वाला चिकटून बस धरली. ती बस वाटेतल्या प्रत्येक झाडाला नमस्कार करत गेली. धापा टाकत स्थपतींच्या कारखान्यात शिरलो, तर धातू साच्यात ओतून झालेला! आणि सेतू कपाळाला गंध लावून पाटावर बसलेला!

"कण कोणी टाकला?" मी ओरडलो.

"सेतूने," सुंदरी म्हणाली. "स्थपतींनी विचारलं, घरातलं मोठं पुरुष माणूस कोण? आमच्याबरोबर तोच होता."

"हा मोठा? माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहे!"

"पण वेळेवर आला होता."

मार्थाबाई सेतूला आणखी प्रसाद वाढत होत्या. माझा आरडाओरडा ऐकून स्थपतींनी मान वर केली.

"अम्मा, हे कोण?"

सुंदरीने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हे होय? वाटेत आमच्या गाडीपुढे चालत होते."