आरोळी खरी की खोटी

चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेले ग्रंथपाल अखेर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे झाले. बावीस वर्षं त्यांनी वाचनालयात लोकांना गप्प केलं होतं, तेही ओठावर बोट ठेवून. स्वतःचा आवाज कधी चढवला नव्हता. दाढ एकदाची निघावी आणि आज झोप लागावी, एवढंच त्यांचं मागणं. बधिर करायचं इंजेक्शन झालं, गाल दगड झाला. पण डॉक्टरांनी पक्कड उचलली आणि त्यांचं अवसानच गळालं. वेळ काढायला म्हणून त्यांनी टेबलावरच्या सिनेमाच्या दोन तिकिटांकडे बोट दाखवलं आणि जड जिभेनं विचारलं, "कसा होता?"

"अप्रतिम!" डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली. "परदेशी आहे. समुद्रातून डोंगराएवढा राक्षस येतो, त्याची शेपटी पुलात अडकते. तेव्हाची ती आरोळी! अंगावर काटा आला."

"मला जांभई आली," हत्यारं पुसत डॉक्टरांची बायको म्हणाली. दवाखान्यात मदतीला तीच असे. "पत्र्याचं पिंप फरफटत नेल्यासारखा आवाज! अहो, जिवंत प्राणी असा ओरडतो का कधी?"

"दुखणं असह्य झालं ना, की कोणीही असाच ओरडतो!"

"उगाच काहीतरी. तुम्हाला राक्षस दिसला की पुरे, डोकं गहाण!"

मग राक्षसाची चाल निघाली, पूल कसा खोटा होता ते निघालं, लग्नानंतर पाहिलेले सगळे सिनेमे निघाले. तोंडात कापसाचा बोळा घेऊन ग्रंथपाल छताकडे बघत राहिले. झक मारली आणि विचारलं, असं त्यांना झालं. तेवढ्यात ओठाला मुंग्या आल्या. भूल उतरत होती! त्यांनी घाबरून हात वर केला.

"बघ, यांनासुद्धा पटतंय," डॉक्टर म्हणाले.

ग्रंथपालांनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, 'भूल उतरली.' डॉक्टरांनी तो न वाचताच घडी घालून खिशात टाकला. "तुमचं मत ना? घरी निवांत वाचतो."

"आता पुरे," बायको म्हणाली. "बाहेर तिघं खोळंबलेत. उरका."

डॉक्टरांनी तणतणत पक्कड उचलली. "बधिर आहे ना गं?"

"मघाशीच दिलंय की. असणारच."

ग्रंथपालांनी जोरजोरात मान हलवली. डॉक्टरांनी ती घट्ट धरली आणि दाढ ओढली.

बावीस वर्षांचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडला. खिडकीची तावदानं थरथरली. बाहेरचे तिघे आपापल्या चपला शोधत पळाले.

ग्रंथपालांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. या जगात आपलं कोणी नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

"बाई गं," बायको हळूच म्हणाली. "अगदी तस्साच ओरडतो की हो तो राक्षस. चुकलंच माझं."

"मी काय सांगत होतो!" डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"पण शेवटी डोळ्यात भाला घुसतो, तेव्हाची आरोळी मात्र मला अजूनही खोटीच वाटते."

डॉक्टर विचारात पडले. मग त्यांनी दिवा जरा जवळ ओढला आणि ग्रंथपालांच्या तोंडात वाकून पाहिलं.

"शेजारचीही किडलीय वाटतं," ते म्हणाले.