वाढत्या अंगाची मोटार

१९५१ साली युरोपात असं ठरलं की अडीचशे किलोंच्या आतली मोटार हे वाहन नसून कपडा आहे, आणि तेव्हापासून तिचा परवाना शिंप्याकडे मिळू लागला.

पुढचं सगळं ओघानंच आलं. मोटार चालवायची नसे, घालायची असे. पोलिसाला तिच्या वेगाबद्दल बोलायचा अधिकार उरला नाही. फार तर बटण उघडं आहे, एवढं तो सांगू शके. दोन मोटारी आदळल्या तर धक्का लागला म्हणून माफी मागायची आणि चालू लागायचं. हॉटेलात शिरताना ती दाराशी उतरवून खुंटीला अडकवत. खुंट्या अर्थात तशा भक्कम करून घेतल्या होत्या. परवान्याला अट एकच, मोटार अंगाला बसली पाहिजे. अंग आणि मोटार यांच्यात दोन बोटांहून जास्त फट नको.

इटलीच्या उत्तरेला, डोंगरात, वाल्सेर्ना नावाच्या गावी हे परवाने दामोदर खटावकर देत. मूळचे फलटणचे. लढाईत पलटणीचे शिंपी म्हणून तिकडे गेले, पलटण परत आली, हे राहिले. का राहिलात विचारलं तर म्हणत, "एका कॅप्टनचा कोट अर्धा व्हायचा होता." कोट पुरा झाल्यावर त्यांनी बायकोला, वत्सलाबाईंना, तिकडेच बोलावून घेतलं. हातात कसब होतं, त्यात वाद नाही. पण फलटणची एक खोड बोटांतून गेली नव्हती. कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा. पोराचा सदरा असो की साठीच्या पाद्र्याची मोटार, चार बोटं ढगळ शिवायची आणि शिवणीत वीतभर माया दुमडून ठेवायची, म्हणजे पुढेमागे उसवून सोडता येते. पाच वर्षं गाव त्या ढगळ मोटारी निमूटपणे घालत होतं.

मग राजधानीतून बेर्तोल्दी साहेब तपासणीला आले.

साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. फॉर्मवर जो रकाना असेल तो भरायचा आणि नसेल त्याची चौकशी करायची नाही, एवढंच त्यांचं ब्रीद. मागच्या गावी त्यांनी एका बकरीला परवाना दिला होता, कारण मोटार तिला छान बसत होती आणि प्राणी कोणता असा रकाना नव्हता.

सोमवारी पहिली मोटार आली रोझाल्बाबाईंची. वय अडुसष्ट, चण लहान, पोस्टातून निवृत्त. साहेबांनी फटीत बोटं घातली. चार बोटं गेली, अंगठा गेला, मनगटही निघालंच होतं.

"ढगळ आहे," साहेब म्हणाले.

"वाढत्या अंगाची आहे," खटावकर म्हणाले.

साहेबांनी फॉर्म उलटून पाहिला. आणि काय सांगावं, तसा रकाना खरोखरच होता; लहान मुलांच्या मोटारींसाठी केलेला. "वाढ अपेक्षित, होय," त्यांनी लिहिलं. "वाढीची दिशा?" त्यांनी रोझाल्बाबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या कोणत्या दिशेला वाढणार आहेत?"

खटावकरांनीही बाईंना खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"शुक्रवारी सकाळी पुन्हा पाहीन," साहेब म्हणाले. "तोवर यांनी वाढावं, नाहीतर मोटार कापून बेताची करावी. दोन्ही नाही झालं, तर परवाना रद्द."

साहेब गेले आणि रोझाल्बाबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या त्या उठेचनात. वत्सलाबाईंनी कॉफी आणून दिली, तेव्हा बोलल्या.

"गुरुवारी माझी इमेल्दा सुटतेय हो."

इमेल्दा त्यांची धाकटी बहीण. चार वर्षं डोंगरावरच्या क्षयाच्या इस्पितळात होती, आता बरी झाली होती. पण डॉक्टरांच्या अटी होत्या. घरच्या माणसानं येऊन न्यायचं, आणि दर आठवड्याला तपासायला वर आणायचं. वरची वाट इतकी अरुंद की वाहनांना बंदीच होती, कपडे तेवढे जात. ने-आण जमत नसेल तर इमेल्दाला दक्षिणेकडच्या एका आश्रमात धाडणार होते, दोन दिवसांच्या प्रवासावर. या वयात तिथे कोण कुणाला भेटतंय.

"मी ठरवलं होतं, मोटार तिला घालीन आणि मागून चालत येईन," रोझाल्बाबाई म्हणाल्या.

"सात मैल?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"उतार आहे."

"आणि दर आठवड्याचा चढ? शिवाय त्यांना मोटार घालता येते का?"

"तिनं आयुष्यात सायकलसुद्धा धरली नाही."

खटावकरांचा जीव तुटला. पण करणार काय? मोटार कापली तर परवाना राहील, निदान बाईंचा बाजारहाट तरी चालेल. त्यांनी पत्रा कापायची मोठी कात्री काढली.

"अहो, ठेवा ती कात्री," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी फटीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. "इमेल्दाबाई अंगानं कशा आहेत?"

"काडी," रोझाल्बाबाई म्हणाल्या. "माझ्या निम्मी."

"आणि शिवणीत माया किती आहे?"

"वीतभर," खटावकर म्हणाले. "दोन्ही अंगांना."

"मग कापताय काय? सोडा की."

"अगं, भलतंच काय. एक कपडा, एक माणूस."

"कुठं लिहिलंय?"

खटावकरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात," वत्सलाबाई म्हणाल्या, "पण अंथरूणच आखूड शिवून ठेवलं तर पायांनी जायचं कुठं?"

मंगळवारी आणि बुधवारी खटावकरांनी मोटार उसवली, माया सोडली, पत्र्याला पुन्हा टाके घातले. भीती त्यांना वाटत होतीच. साहेबांनी माणसं मोजली असती तर बाईंचा परवाना गेला असता आणि त्यांचं दुकानही. गुरुवारी दुपारी रोझाल्बाबाई वरून खाली आल्या. त्यांच्या उजव्या बाजूला, मांडीवर बोचकं घेऊन, इमेल्दा होती. रोझाल्बाबाई रडत होत्या आणि हात मोकळा नसल्यानं डोळे पुसत नव्हत्या. गावातली माणसं दारांत उभी राहून बघत होती. कुणीतरी म्हणालं, आता बसली मोटार.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी डावीकडच्या फटीत बोटं घातली. दीड. उजवीकडे इमेल्दाच्या दंडाशी घातली. तिथेही दीड. मग मधोमध, दोघी बहिणींच्या मध्ये घालून पाहिली. तिथे एकही बोट जाईना.

त्यांनी फॉर्म पुन्हा उलटून पाहिला.

"कापड नवं जोडलं का?"

"नाही साहेब. होतं तेच सोडलं," खटावकर म्हणाले.

"सोमवारी या एवढ्या नव्हत्या."

"नव्हत्या."

साहेब रोझाल्बाबाईंकडे वळले. "ही वाढ कधीपासून चालू होती?"

"चार वर्षं," रोझाल्बाबाई म्हणाल्या. "झाली काल."

"काही त्रास?"

"आता नाही," इमेल्दा म्हणाली.

साहेबांनी उत्तर कुठून आलं ते पाहिलं नाही. तसा रकाना नव्हता. त्यांनी पेन झटकलं आणि लिहिलं, वाढ झाली. दिशा, उजवी. मग शिक्का मारून त्यांनी पुढची मोटार बोलावली.