एलिक्कुट्टीचं पल्क्रिट्यूड

पोस्टमास्तरकीतून निवृत्त झाल्यावर इट्टूपने अवघड इंग्रजी शब्द पाठ करायला घेतले आणि केरळातल्या पाला गावात माणसं त्याच्याशी बोलायला बिचकू लागली. केळ्यांचा अवाच्या सवा भाव ऐकून तो "एक्झॉर्बिटंट!" म्हणाला, तर केळीवाल्याने सांगितलं, "ती जात आता येत नाही, सर." इट्टूपने त्याला माफ केलं. विद्वानाला एवढं सोसावंच लागतं, असं त्याचं मत होतं.

लग्नाच्या वाढदिवसाला घरी पाहुण्यांची पंगत बसली. इट्टूप उभा राहिला.

"लग्नात आमच्या एलिक्कुट्टीचं जे पल्क्रिट्यूड होतं, ते आजही आहे. उलट वाढलंय."

वाढता वाढता एलिक्कुट्टीचा हात थांबला. पंगत चिडीचूप झाली. मंडळी भारावली, असं इट्टूपला वाटलं.

संध्याकाळी शेजारची त्रेसिया पपई घेऊन आली. "ते दुखणं पोटात आहे का गं?" तिने हळूच विचारलं. रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत एलिक्कुट्टीचं नाव घेतलं. तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. सोमवारी तिचा भाऊ पोथन त्रिशूरहून गाडी घेऊन हजर झाला.

"चल ताई, मोठ्या हॉस्पिटलात दाखवू. आणि दाजी, लग्नापासूनचं दुखणं तुम्ही आम्हाला आत्ता सांगताय?"

"दुखणं कसलं? पल्क्रिट्यूड म्हणजे सौंदर्य."

पोथनने मोबाईलमध्ये पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सौंदर्यच लिहिलंय," तो जरा हिरमुसून म्हणाला.

"मग ते आपल्या मल्याळममध्ये सांगता येत नव्हतं?" स्वयंपाकघराच्या दारातून एलिक्कुट्टीने विचारलं.

"न यायला काय झालं?"

"मग सांगा."

इट्टूपने घसा खाकरला. मल्याळममधला तो साधा शब्द तर त्याला शाळेत जायच्या आधीपासून येत होता. पण इतक्या वर्षांत तो बायकोला उद्देशून कधी वापरलाच नव्हता. त्याचे कान लाल झाले. पोथन उगाचच खिडकीबाहेर बघू लागला.

"तुझी माशाची आमटी," इट्टूप शेवटी म्हणाला, "आज फार सुंदर झालीय."

"आज केलीच नाहीये," एलिक्कुट्टी म्हणाली. मग तोंडाला पदर लावून ती आत वळली, आणि आतूनच तिने हाक मारली, "पोथन, गाडी आणलीच आहेस, तर तेवढे मासे घेऊन ये."