पापडीचा अधिकृत हंगाम

बडोद्याच्या गोरवा भागातल्या हरितकुंज सोसायटीच्या जूनमधल्या सर्वसाधारण सभेत, लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आणि बटाटेवड्याआधी, एक ठराव एकमताने संमत झाला. यापुढे सभासदांनी स्थानिक व हंगामी भाजीच खावी आणि होईल तेवढी स्वतः पिकवावी. ठराव मांडला अध्यक्ष हंबीरराव मोहित्यांनी. ते एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायचं होतं.

ठराव गंभीरपणे घेतला तो फक्त अ विंगेतल्या सुहासिनी पेठ्यांनी. तोवर त्यांच्या हातून मनीप्लँटदेखील जगला नव्हता. त्यांनी फाटकाशीच गुरू शोधला. जवळच्या पादरा गावाहून रोज सकाळी भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या जशीबेन.

"बेन, पापडी लाव," जशीबेननी वालाचं मूठभर बी त्यांच्या ओंजळीत टाकलं. "भिंतीजवळ लाव. अने पाणी जास्ती नको, बिचारीचं मूळ सडेल."

सुहासिनीबाईंनी बी लावलं. वेलीवर मावा ही कीड पडली तेव्हा जशीबेनच्या सांगण्यावरून राख भुरभुरली. पहिलं जांभळं फूल आलं त्या सकाळी त्यांनी पुण्याच्या बहिणीला फोन केला. बहिणीला वाटलं, कुणाला काहीतरी झालं.

दरम्यान भाजीपाला संवर्धन समिती स्थापन झाली. लागवडीचा अर्ज तीन प्रतींत आला. वेल भिंतीवरून ब विंगेकडे वळली तशी नोटीस आली : आपल्या वेलीने अनधिकृत प्रवेश केला असून सात दिवसांत लेखी खुलासा करावा. सुहासिनीबाईंनी खुलासा केला : ती उजेडाकडे गेली. समितीने शेरा मारला : कारण समाधानकारक नाही.

मग समितीने 'स्थानिक' या शब्दाची व्याख्या केली. स्थानिक म्हणजे कुंपणाच्या आत उगवलेले. त्याच दुपारी वॉचमनने जशीबेनना फाटकावरून उठवलं. सुहासिनीबाई तडक अध्यक्षांकडे गेल्या.

"पादरा आपल्या हद्दीत येत नाही, वहिनी," हंबीरराव हळहळून म्हणाले. "आमचा नाइलाज आहे."

"अहो, पण मला भाजी लावायला त्यांनी शिकवलं!"

"प्रशिक्षणाची रीतसर सोय केलीय ना."

रीतसर सोय अहमदाबादहून आली. शहरी शेतीच्या सल्लागारांनी वातानुकूलित हॉलमध्ये मातीवर चौऱ्याहत्तर स्लाइड दाखवल्या. हॉल नुकताच पुसलेला असल्यामुळे प्रत्यक्ष माती आणायला मनाई होती. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. जशीबेन आता चार रस्त्यांवर, म्हणजे पुढच्या चौकात, बसच्या धुरात बसत होत्या. सुहासिनीबाई शंका विचारायला तिथे जात.

डिसेंबरात शेंगा भरल्या. वेल अशी लगडली की येणारे-जाणारे थांबून बघत. सुहासिनीबाई चाळणी घेऊन निघाल्या, तर वाटेत हंबीरराव.

"तोडू नका हं. पापडीचा हंगाम चौदा जानेवारीला आहे. उत्तरायणाला, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते."

"पण शेंगा आत्ता तयार आहेत."

"समितीने तारीख जाहीर केलीय, वहिनी. शेंगांना कळवण्याची जबाबदारी लागवड करणाऱ्याची असते."

त्यांनी हळूच दोन शेंगा तोडल्याच. दुसऱ्या दिवशी वेलीजवळ कॅमेरा बसला. मग पाच आठवडे त्या बाल्कनीतून बघत राहिल्या. शेंगा जून झाल्या, पिवळ्या पडल्या, वाळून खुळखुळू लागल्या. एका संध्याकाळी त्यांना रडू आलं, आणि आपण भाजीसाठी रडतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली.

उत्तरायणाच्या सकाळी समितीच्या लक्षात आलं, की वेलीवर हिरवं काही उरलेलं नाही. मोबाइलवरून दहा मिनिटांत शीतगृहातली पापडी आली. पाकिटावर दूरच्या कुठल्याशा राज्याचं नाव होतं. सभासदांनी शिडी लावून एकेक शेंग दोऱ्याने वेलीला बांधली. पाहुणे आले, कात्री चालली, टाळ्या पडल्या. व्हिडिओ चालू असतानाच कुणीतरी सुहासिनीबाईंपुढे माइक धरला.

"ही पापडी विकतची आहे," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "आत्ताच बांधलीय. दोरा दिसतोय बघा. माझी पापडी तुम्ही वेलीवर वाळवलीत, आणि जिने ती लावायला शिकवली तिला रस्त्यावर बसवलंत."

मग पाहुण्यांनी स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं आणि पापडीची उंधियो भाजी वाढून घेतली. सुहासिनीबाई न जेवता चार रस्त्यांवर गेल्या, जशीबेनच्या शेजारी गोणपाटावर बसल्या आणि त्यांच्याबरोबर ताजे मटार सोलून खाऊ लागल्या.

व्हिडिओ मात्र बडोदेभर फिरला, त्यांच्या वाक्यांसकट. आठवडाभर हंबीररावांचा फोन वाजत होता. एवढ्या सोसायट्यांनी फोन केले, पण जशीबेनची चौकशी कुणी केली नाही. दोरा कुठल्या रंगाचा वापरला, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

"हिरवा," हंबीरराव प्रत्येकाला न कंटाळता सांगत आणि सोसायटीचं नाव लिहून घेत.

यादीत तुमच्या सोसायटीचं नाव तिसरं आहे.